तुलनेचा तारा

जून उजाडला की लोक छत्र्या काढतात. मी दुर्बीण झाकते. आधी भिंगावर टोपण, मग कापडी पिशवी, पिशवीत ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या, वरून जाड प्लास्टिक आणि सगळ्यात वर एक जुनी गोधडी. पवनानगरच्या अलीकडे आमचं घर आहे. त्याच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे आणि तिचं छप्पर रुळांवरून मागे सरकतं. सुदुंबऱ्याच्या एका वर्कशॉपात नोकरी करणाऱ्या माझ्या दादाने ते स्वतःच्या हाताने बनवलंय. त्या छपराला जूनमध्ये कुलूप लागतं ते थेट आश्विन पौर्णिमेच्या आगेमागे निघतं. मावळातला पाऊस म्हणजे चेष्टा नव्हे. तुंग-तिकोन्यावर ढग एकदा येऊन टेकले की हटायचं नाव घेत नाहीत. यंदाही सगळं रीतसर झाकलं, कुलूप लावलं आणि खाली येता येता जिन्यातच बसून पोटभर रडले. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईने जिन्यात बसून रडावं हे काही शोभत नाही. न शोभू दे. परसालच्या पावसाळ्याने माझी आई नेली, आणि आता तो पुन्हा दारात येऊन उभा आहे.

दुर्बिणीतून मी काय बघते ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. लोकांना वाटतं शनीची कडी, चंद्रावरचे खड्डे. ते पाहुण्यांसाठी. मी पाळत ठेवते ती एका दीर्घिकेवर. आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा संसार, पण फार म्हणजे फारच लांबचा. तिच्या पोटात एक अजस्र कृष्णविवर आहे. ते आजूबाजूचा वायू ओढून घेतं आणि त्यातला थोडा झोतासारखा बाहेर फेकतं. योगायोगाने तो झोत आपल्याच रोखाने येतो. त्यातून गॅमा किरण येतात, ते आपली हवा खाली पोचू देत नाही, म्हणून ते मोजायला वर उपग्रह फिरतोय. या जातीच्या दीर्घिका भारी लहरी. आज मंद, चार दिवसांनी भडकलेल्या, पुन्हा गपगार. असं का, ते अजून कुणाला पुरतं उलगडलेलं नाही. म्हणून जगभर बरीच माणसं आपापल्या लहानमोठ्या दुर्बिणींनी साध्या प्रकाशात त्यांचं तेज मोजत राहतात आणि उपग्रहाच्या मोजमापाशेजारी ठेवून बघतात, दोघं एकदम वर जातात की मागेपुढे. केतकी नावाची माझी जुनी विद्यार्थिनी बंगळुरात हेच संशोधन करते, तिनेच मला या फंदात ओढलं. दादा म्हणतो, लोकांनी लग्नं केली, आमच्या नंदीने दुर्बीण केली.

आमच्याकडे आभाळ बघायचं म्हणजे भांडण आलंच. धरणाच्या काठाकाठाने तंबू झालेत. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची पोरं येतात, शेकोट्या, स्पीकर, झाडांना लोंबणारे दिवे. त्याला माझी ना नाही, आमच्याच गावातल्या पोरांची पोटं त्यावर चालतात. पण एकाने थेट आमच्या गच्चीच्या रोखाने हॅलोजन लावला. मी गोड बोलून पाहिलं, चिडून पाहिलं, कुणी ढुंकून बघेना. मग एके संध्याकाळी आई पदर खोचून स्वतः गेली. तिथे काय बोलली ते मला नंतर त्या तंबूवाल्यानेच सांगितलं. म्हणे, आमच्या पोरीच्या आभाळात तुमी दिवा लावलाय, तो फिरवा, न्हाईतर मी हितंच बसते आन् मला जेवायला बी तुमीच वाढा. त्याने मुकाट्याने हॅलोजन फिरवला आणि वर तिला भाजलेलं कणीस दिलं. ते खात खात ती घरी आली आणि मला सुनावलं की मानसं चांगली हायेत, तुलाच बोलाया येत न्हाई. तिला दुर्बिणीतलं काही दिसत नसे. डोळा लावायची, समदं काळं हाय म्हणायची आणि उठायची. पण आभाळ माझं आहे याबद्दल तिला शंका नव्हती.

दीर्घिकेचं तेज मोजायची एक रीत आहे. आभाळ रोज सारखं नसतं. कधी धूळ, कधी विरळ ढग, कधी धुकट. मग आज दीर्घिका मंद दिसली तर ती खरंच मंद झाली की मधे धुकट आलं, हे कळायचं कसं? म्हणून त्याच फोटोत दिसणारा शेजारचा एक तारा धरायचा, ज्याचं तेज कायम सारखं असतं. धुकट आलं तर दोघंही सारखेच मंद होणार. तेव्हा नुसती दीर्घिका मोजायची नाही, त्या ताऱ्यापेक्षा ती किती कमी, किती जास्त, ते मोजायचं. हा तुलनेचा तारा. खरं तर असे दोन-चार तारे धरावेत आणि ते एकमेकांशी ताडून बघावेत. पण माझी दुर्बीण लहान, कॅमेऱ्याच्या चौकटीत एकच चांगला तारा मधोमध येतो, बाकीचे कडेला जाऊन पसरट होतात, फिसकटतात. सुरुवातीला मी त्याला ताडून पाहिलं, सज्जन निघाला, आणि मग त्याच्याच भरवशावर माझं काम चालू झालं.

आमच्या आईचं मोजमाप याच जातीचं होतं. वजनकाटा, थर्मामीटर असल्या वस्तूंवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ताप आला की कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, माझ्यापरीस गरम हाय. पाणी तापलं का, तर माझ्या हाताला सोसतंय. ओझं जड आहे का, तर मला उचलतंय म्हंजी तुला बी उचलंल. मीठ, तिखट, थंडी, चाल, सगळं तिच्यापासून मोजलेलं. मी वराळ्याला फ्लॅट घेतला तेव्हा तिसऱ्या मजल्यावर चढून आली, धाप लागली नाही, तर म्हणाली, घर चांगलंय. तिच्या प्रत्येक मापात ती स्वतः धरलेली असे आणि ती कधी बदलेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

आबांचं सांगायचं राहिलं. आबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर पवनानगर ते कामशेत वडाप जीप चालवली. घसा असा की स्टँडवर कामशेत कामशेत म्हणून ओरडले तर पलीकडच्या वाडीतली म्हातारी पिशवी घेऊन निघायची. परसालच्या आधीच्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागले, आणि बोलणं गेलं. सगळं समजायचं, डोळे अगदी लख्ख, पण तोंडातून शब्द म्हणून निघेना. नुसता आवाज यायचा, तोही त्यांच्या मनासारखा नाही. खाटेवर बसून दिवसभर घरात काय चाललंय ते बघत राहायचे. एवढ्या बोलघेवड्या माणसाला असं गप्प बसलेलं बघून माझं काळीज तुटायचं.

मी वराळ्याला, दादा सुदुंबऱ्याला, आई आबांजवळ. रोज दुपारी कॉलेजातून फोन करायचा. आज कसे हायेत आबा? आईचं उत्तर ठरलेलं. कालच्यापरीस बरे हायेत. आज दोन पावलं माझ्या पुढं चालले अंगनात. आज भाकरी माझ्यापरीस जास्त खाल्ली. पुढच्या महिन्यात, माझ्या दुपटीनं जेवले बघ. मी फोन ठेवून खुशीत दादाला कळवायची की आबा सुधारतायत. कधी कधी मात्र वेगळी बातमी असायची. आज डोस्कं फिरलंय त्येंचं. जेवताना ताट ढकललं, माझ्या अंगावर वरडले, आमटी सांडली. मग आम्ही हळहळायचो. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी सांगितलं की या आजारात माणूस चिडचिडा होतो, असे दिवस यायचेच. आम्ही ते मान्य केलं. चांगले दिवस, वाईट दिवस. वाईट दिवस वाढतायत असं वाटलं की औषध बदलून आणायचो.

त्याच हिवाळ्यात माझी दीर्घिका उजळायला लागली. शनिवारी कॉलेज सुटलं की मी पवनानगर गाठायची, अंधार पडता पडता छप्पर सरकवायची आणि जेवायच्या आत फोटो घेऊन मोकळी व्हायची. दर खेपेला ती ताऱ्याच्या मानाने मागच्यापेक्षा थोडी जास्त तेजस्वी. भडका नाही, सावकाश चढ. आणि गंमत अशी की उपग्रहाला गॅमा किरणांत काहीच दिसत नव्हतं, तिकडे शुकशुकाट. मी हरखून गेले. एकीकडे तेज वाढतंय आणि दुसरीकडे चिडीचूप, म्हणजे काहीतरी नवीन हाती लागणार. खाली येऊन आईला म्हणायची, आई, आज बी वाढलंय. ती आबांना भरवता भरवता म्हणायची, लय चांगलं झालं. घरात दोन गोष्टी वाढत होत्या, माझी दीर्घिका आणि आबांची भूक. तो हिवाळा मला फार सुखाचा गेला.

मग पाऊस आला, छपराला कुलूप लागलं. आभाळ बंद झालं म्हणून आमचं काम बंद होत नाही. उन्हाळ्यात वाळवण घालावं आणि पावसाळ्यात खावं, तसं आमचं. हिवाळाभर घेतलेले फोटो पावसाळ्यात बसून सावकाश मोजायचे. हाच आमच्याकडे वर्षावासाचा काळ. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. पूर्वी भिक्खू पावसात फिरायचे थांबून एका जागी राहत, त्याची आठवण. आमच्या घरातून वाचनाला कधी कुणी गेलं नाही असं झालं नाही, कारण आई जायचीच. पहिल्या रांगेत भिंतीला टेकून बसायची, छान डुलक्या काढायची आणि शेवटी सगळ्यांत मोठ्याने साधू साधू म्हणायची. मी तिला त्यावरून चिडवायची. ती म्हणायची, झोपेत बी कानात जातंच की. परसाली मात्र ती अर्ध्यातून उठून घरी येऊ लागली. पौर्णिमेला खीर घेऊन गेली, सगळ्यांना वाढली, स्वतः वाटी तशीच परत आणली. शेजारच्या मावशींनी मला विचारलं की आईचं काही बिनसलंय का. मी म्हटलं, आबांच्या काळजीने लवकर येत असेल.

श्रावणातला तो रविवार आहे, माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बाहेर पाऊस धो धो, लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. आबा खाटेवर. आई खिडकीच्या उजेडात बसून ब्लाउज उसवत-शिवत होती. आदल्या रात्री केतकीचा निरोप आला होता. तिने लिहिलं होतं, मॅडम, तुमची दीर्घिका चढतेय, पण बाकी सगळ्यांच्या मोजणीत ती सपाट आहे. एकदा तुमचा तारा बघता का? मला रागच आला. काल शिकून गेलेली पोर मला ताडून बघायला सांगते. पण म्हटलं, करू. चौकटीच्या कडेला फिसकटलेले दोन तारे होते, ते कसेबसे मोजून काढले आणि माझा भरवशाचा तारा त्यांच्याशेजारी ठेवला. हिवाळाभर एक-एक शनिवार तो खाली खाली गेलेला. इतका हळू की एका वेळी कळू नये. दीर्घिका जागची हलली नव्हती. तारा मंद होत गेला म्हणून ती मला उजळताना दिसत होती.

मला आधी हसूच आलं. एवढा गाजावाजा मी केतकीजवळ केला होता आणि निघालं हे. मी हसत हसत आईला सांगायला मान वर केली. काय सांगणार होते तेही ठरलं होतं, की आई, मी ज्याला धरून मोजत होते, तोच कमी व्हाया लागलेला. आणि तेवढ्यात तिच्या मांडीवरचं ब्लाउज दिसलं. ती ते बारीक करत होती. बगलेत आधीची एक टीप होती, त्याच्या आत दुसरी होती, आणि ती आता तिसरी घालत होती. शेजारी ब्लाउजांचा ढीग. मी ती सगळी उचलून पाहिली. प्रत्येकाला तशाच टिपा, काही दोऱ्यांचे रंग जुने झालेले. हसू तिथेच जिरलं. माझ्यापरीस जास्त खाल्ली. माझ्या दुपटीनं जेवले. मी हिवाळाभर ऐकत होते आणि खूश होत होते.

"आई," मी म्हटलं, "तू किती जेवतीस?"

"मला काय धाड भरलीय," ती म्हणाली. "कापड सैल झालंय धुऊन धुऊन."

कापड धुऊन आटतं, सैल होत नाही. हे तिलाही माहीत होतं. तिने दोरा दाताने तोडला आणि ब्लाउज घडी करून माझ्या हातून बाकीची काढून घेतली. तिच्या मनगटाला मी हात लावला तर माझ्या बोटांना हाडच लागलं.

तळेगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लोणावळ्याला एका मोठ्या तपासणीसाठी पाठवलं. दादाने गाडी आणली. नेमका शनिवार मिळाला. पावसाळ्यातला लोणावळ्याचा शनिवार काय असतो ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. खिंड ओलांडली आणि गाड्यांच्या रांगेत जे अडकलो ते अडकलोच. पुढच्या गाडीच्या टपावर उघडी पोरं नाचत होती. भुट्टेवाले, चहावाले, सेल्फी काढणाऱ्या बाया. दादा हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला आला. मी खाली उतरून त्या पोरांना अशा शिव्या घातल्या की माझ्या वर्गातल्या मुलांनी ऐकल्या असत्या तर त्यांना खरंच वाटलं नसतं. परत येऊन बसले तर आई पोटाशी हात घट्ट धरून काचेबाहेर बघत होती. डोंगरावरून पांढरं शुभ्र पाणी कोसळत होतं. "एवढा जनम हितं गेला," ती म्हणाली, "पन आपन कवा आलोच न्हाई हे बघाया." मी तिची खिडकी पूर्ण खाली केली. पावसाचं पाणी आत येत होतं, तिच्या तोंडावर उडत होतं, तिने तोंड बाजूला घेतलं नाही. गाडी पुढे सरकली तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं की अजून जरा अडकून राहिलो असतो तरी चाललं असतं.

जठराचा कॅन्सर होता आणि तो यकृतात पोचला होता. डॉक्टरांनी मला आणि दादाला वेगळं बसवून सांगितलं. चार महिने आधी आणलं असतं तर, असं दादाने विचारलं. ते म्हणाले, थोडा वेळ जास्त मिळाला असता, बाकी काही सांगता येत नाही. थोडा वेळ म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. किती का असेना, मला तो हवा होता. एक दिवाळी हवी होती. कोरड्या आभाळाचे चार शनिवार हवे होते.

आईला आम्ही सांगितलं. ती रडली नाही, भडकली. आबांना कळता कामा नये, ही तिची एकच अट. त्येंना झेपायचं न्हाई, ते आत्ता कुटं सुधाराया लागलेत. मी म्हटलं, आई, ते सुधारले न्हाईत, ते हायेत तसेच हायेत, तू कमी झालीस. ती म्हणाली की तसं का असंना, पोटाला तर घालते ना मी त्येंच्या. तिला दुखत होतं हे तिने कबूल केलं, माघापासून. तोंडाला चव नव्हती, घास उतरत नव्हता. का बोलली नाहीस? तर म्हणे, तुमी समदे त्येंच्यामागं लागलेले, त्यात माझं कुटं काढू.

भादव्यात ती गेली. शेवटपर्यंत पाऊस थांबला नाही. पांढऱ्या साडीत तिला दारातून बाहेर काढलं तेव्हा दादाने आणि शेजारच्या पोरांनी प्लास्टिकचा कागद वर धरला होता. त्रिसरण म्हणताना माझा आवाज फुटला नाही, शेजारच्या मावशींनी माझ्या वाटचंही म्हटलं. विहारात त्या संध्याकाळी वाचन झालं नाही. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली, तेव्हा बायकांनी खिरीचं पातेलं आमच्याच घरी आणलं आणि आबांना पहिली वाटी दिली. त्यांनी ती हातात धरून ठेवली. दोनच दिवसांत ढग निघून गेले आणि आभाळ असं स्वच्छ झालं की बघवत नव्हतं.

मला आईचा राग येतो. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाचा राग धरू नये. का धरू नये? मी पोटची पोर आहे तिची. एक दिवस, एका दुपारी, फोनवर आबांबद्दल सांगायच्या आधी स्वतःबद्दल एक वाक्य बोलली असती तर तिचं काय गेलं असतं? ब्लाउज बारीक करायला बसायची त्याऐवजी गाडीत बसली असती तर? मी तिच्याशी मनात भांडते, वर्गात फळ्याकडे तोंड करून भांडते, आणि तिची बाजूही मीच मांडते. घरात एक माणूस आजारी असलं की दुसऱ्याने आजारी पडायचं नसतं, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. तिच्या आईने पाळला, तिने पाळला. केतकीने फोन केला होता, ती म्हणाली की मॅडम, त्या ताऱ्यावर लिहा ना काहीतरी, तो चंचल निघाला हेही शोधच आहे. मी फोनवरच हुंदके देऊन रडले. बिचारी घाबरून गेली.

हिवाळ्यात काम पुन्हा सुरू केलं. कडेचे, फिसकटलेले का असेनात, नवे तारे धरले, चार, एकमेकांशी ताडून. दीर्घिकेने माघात एक भडका दिला, उपग्रहालाही दिसला, मलाही दिसला, दोन्हींचा मेळ बसला. जिन्यापर्यंत आले आणि सांगायला कुणी नव्हतं. आबा खाली एकटे होते. मी कॉलेजातली वेळ बदलून घेऊन सकाळच्या वर्गांवर आले आणि राहायला पवनानगरला. येण्याजाण्यात जीव जातो, पण वराळ्याच्या फ्लॅटमध्ये आता मन रमत नाही.

आबांचं बोलणं शिकवायला लोणावळ्याहून एक मुलगी येते. ती चित्रांचे पत्ते दाखवते, गाय, कप, चावी. आबांना त्या चित्रांचा भयंकर तिटकारा. एकदा त्यांनी गाय खिडकीबाहेर भिरकावली. पण काहीतरी सुटत चाललंय खरं. आलेला पहिला स्पष्ट शब्द कोणता असावा? कामशेत. असा खणखणीत आला की मी आणि ती मुलगी दचकलो आणि मग तिघंही हसलो. त्यानंतर चल आला, बस आला, पानी आला. आता तीन-तीन शब्द जुळतात, मधे मधे खूप वेळ जातो, घाम येतो, पण जुळतात.

या रविवारी दुपारी मी त्यांना जेवायला वाढलं. मीही समोर बसले, पण मला काही जाईना. हल्ली पाऊस लागला की असंच होतं. आबा माझ्या ताटाकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताने स्वतःचं ताट माझ्याकडे ढकललं. आमटी सांडली. मी दमले होते, वैतागून म्हटलं, आबा, चिडू नगा, गुमान जेवा. त्यांनी माझं मनगट पकडलं. डाव्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तिला," ते म्हणाले.

मला वाटलं ते विसरले. मी हळू आवाजात म्हटलं की आबा, आई न्हाई आता. त्यांनी जोरात मान हलवली. ते विसरले नव्हते. कपाळावरची शीर फुगली, ओठ नुसते हलत राहिले, मी वाट बघत बसले.

"तवा," ते म्हणाले. मग कितीतरी वेळाने, "तिला वाढ. म्हनत व्हतो."

खाटेवर बसून दिवसभर तिच्याकडे बघणारं एकच माणूस त्या घरात होतं. ती काय खाते, काय ठेवते, किती वेळ चुलीजवळ टेकून उभी राहते, हे त्या माणसाला ठाऊक होतं आणि त्याच्या तोंडात शब्द नव्हते. हात होता एक, त्याने ताट ढकलता येत होतं. आवाज होता, त्याने ओरडता येत होतं. त्यांनी जे होतं ते सगळं वापरलं होतं. त्यांचे वाईट दिवस वाढत गेले होते, आणि आम्ही औषध बदलून आणत होतो.

"रोज," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून दाढीत जिरत होतं. "रोज सांगत व्हतो."

"व्हय आबा," मी म्हटलं. "तुमी सांगत व्हता. आमाला कळलं न्हाई."